केबिनमधून उभा राहिलेला स्टुडिओ

माझे वडील कोल्हापुरातील एका टॉकीजमध्ये सत्तावीस वर्षे ऑपरेटर होते. घरात आम्ही त्यांना आबा म्हणत असू. शनिवारी सकाळची शाळा सुटली की मी त्यांचा जेवणाचा डबा घेऊन केबिनमध्ये जाई आणि मॅटिनीचा खेळ संपेपर्यंत तिथल्या लोखंडी स्टुलावर बसून राही. त्या चिंचोळ्या, उकाड्याने भरलेल्या खोलीत दोन प्रोजेक्टर शेजारी शेजारी उभे असत. कार्बनच्या दोन कांड्यांमध्ये पेटलेली ज्योत काळ्या काचेतून पाहायची, कांड्या जळून आखूड होतील तसतशा त्या जवळ सरकवायच्या आणि रीळ संपत आले की पडद्याच्या वरच्या उजव्या कोपऱ्यावर डोळा ठेवायचा, हा त्यांचा क्रम होता. तिथे एक ठिपका क्षणभर उमटला की ते दुसऱ्या यंत्राची मोटर सुरू करीत, काही सेकंदांनी दुसरा ठिपका उमटताच खटका पाडीत, आणि खाली बसलेल्या शेकडो माणसांना एक रीळ संपून दुसरे सुरू झाल्याचा पत्ताही लागत नसे.

या खोलीत वाढल्यामुळे असेल, सिनेमाचा इतिहास वाचताना माझे लक्ष नटनट्यांपेक्षा यंत्रापाशी उभ्या असलेल्या माणसाकडे आधी जाते. हॉलिवूडमधील वॉर्नर ब्रदर्स या स्टुडिओची कथा मला इतकी जवळची वाटते ती याच कारणाने. ती साधारणपणे गरिबीतून वर आलेल्या चार भावांची कथा म्हणून सांगितली जाते आणि ते खरेही आहे. परंतु त्या पिढीतील हॉलिवूडचे बहुतेक मालक तसेच वर आले होते. पॅरामाउंट उभारणारे ॲडॉल्फ झुकर फरच्या कपड्यांचा व्यापार करीत, सॅम्युएल गोल्डविन हातमोजे विकत, आणि युनिव्हर्सलचे कार्ल लेमली तयार कपड्यांच्या दुकानाचे व्यवस्थापक होते. वॉर्नर बंधूंचे वेगळेपण असे की त्यांच्यापैकी एक भाऊ स्वतः ऑपरेटर होता, आणि या स्टुडिओच्या आयुष्यातील दोन्ही निर्णायक वळणे, पहिले १९०४ च्या सुमाराचे आणि दुसरे १९२५ चे, त्या एका भावाच्या यंत्रावरील विश्वासामुळे आली. त्याचे नाव सॅम.

वडील बेंजामिन हे चांभारकाम करणारे ज्यू गृहस्थ. त्या वेळी रशियन साम्राज्यात असलेल्या पोलंडमधील एका लहान गावातून ते अमेरिकेत आले, काही काळ बाल्टिमोरला आणि कॅनडातही राहिले, आणि १८९६ च्या सुमारास ओहायो राज्यातील यंग्जटाउन या पोलादाच्या कारखान्यांच्या गावी स्थिरावले. तिथे त्यांनी जोडे दुरुस्तीचे दुकान घातले. मुले पुष्कळ, मिळकत थोडी, म्हणून जो हाताशी येईल तो धंदा प्रत्येकाने करून पाहिला. थोरला हॅरी आणि त्याच्या पाठचा अल्बर्ट यांनी सायकलींचे दुकान काढले. चौघांत धाकटा जॅक गाणी म्हणत असे आणि रंगभूमीवर जाण्याची स्वप्ने पाहत असे. सॅमला मात्र यंत्रांची ओढ होती. ओहायोतील एका करमणुकीच्या बागेत त्याने चित्रपट दाखवण्याचे यंत्र चालवण्याचे काम धरले, ते उघडून त्याचा एकेक भाग समजून घेतला, आणि घरी येऊन त्याने आग्रह धरला की आपण असे एक यंत्र विकत घ्यावे.

जुने, वापरलेले यंत्र एक हजार डॉलरला मिळत होते. एवढी रक्कम घरात नव्हती. सर्वांनी आपापली शिल्लक बाहेर काढली, तरी पैसे अपुरे पडले, तेव्हा वडिलांनी आपले घड्याळ आणि गाडीचा घोडा गहाण टाकला, असे त्या कुटुंबात सांगितले जात असे. यंत्राबरोबर 'द ग्रेट ट्रेन रॉबरी' या १९०३ च्या लघुपटाची वापरून झिजलेली एक प्रत मिळाली. मग घराच्या आवारात तंबू ठोकून खेळ सुरू झाले. सॅम यंत्र चालवी, बहीण रोझ पियानो वाजवी, जॅक गाणे म्हणे. पुढे हाच सरंजाम घेऊन भाऊ ओहायो आणि पेनसिल्व्हेनियातील गावोगाव फिरले.

आपल्याकडच्या ज्या वाचकांनी जत्रेतले टुरिंग टॉकीज पाहिले आहे, त्यांना हे चित्र समजावून सांगण्याची गरज नाही. आबांनी आपली उमेदवारी अशाच एका तंबूत केली होती. एकच यंत्र असल्यामुळे प्रत्येक रिळानंतर दिवे लावावे लागत, पट्टी तुटली की प्रेक्षकांच्या शिट्ट्या सुरू होत, आणि त्या शिट्ट्यांच्या गदारोळात तुटलेली दोन टोके खरवडून, फिल्म चिकटवण्याचे सिमेंट लावून, अंगठ्याने दाबून धरायची. त्या दाबून धरलेल्या अर्ध्या मिनिटात ऑपरेटरला प्रेक्षक म्हणजे काय ते कळते, असे ते म्हणत. वॉर्नर बंधूंचे शिक्षण याच शाळेत झाले. चित्रपट तयार करण्याच्या कितीतरी आधी त्यांना हे ठाऊक झाले होते की माणसे कुठे पुढे झुकतात आणि कुठे उठून बाहेर जातात.

१९०७ मध्ये त्यांनी पेनसिल्व्हेनियातील न्यू कॅसल या गावी 'कॅस्केड' नावाचे स्वतःचे चित्रपटगृह उघडले. चित्रपटगृह हा शब्द मोठा झाला. ती रस्त्याकडेची एक दुकानवजा खोली होती. बसायला खुर्च्या नव्हत्या, म्हणून शेजारच्या अंत्यविधीची व्यवस्था पाहणाऱ्या व्यावसायिकाकडून ९९ खुर्च्या उसन्या आणल्या गेल्या. गावात कोणाचे निधन झाले की त्या खुर्च्या परत द्याव्या लागत आणि त्या दिवशी प्रेक्षकांना उभ्याने खेळ पाहावा लागे. इतक्या काठावर चाललेल्या धंद्यातून पुढे जगभर ओळखले जाणारे नाव तयार व्हावे, याचे मला आजही मनापासून कौतुक वाटते.

त्यानंतरच्या दहा वर्षांचा इतिहास थोडक्यात सांगता येईल. चित्रपट दाखवण्यापेक्षा चित्रपटांच्या प्रती भाड्याने देण्यात अधिक पैसा आहे हे लक्षात आल्यावर भावांनी पिट्सबर्गला वितरणाचा व्यवसाय सुरू केला. तो जोम धरत असतानाच १९०८ च्या अखेरीस एडिसनच्या पुढाकाराने यंत्रांच्या पेटंटधारकांची एक संघटना उभी राहिली, आणि प्रत्येक वितरकाला व थिएटरवाल्याला तिची परवाना फी भरणे भाग पडू लागले. लहान वितरकांना त्यात तग धरणे कठीण होते. वॉर्नर बंधूंना तो व्यवसाय विकावा लागला. दुसऱ्याने केलेला माल दाखवत राहिलो तर दोरी कायम दुसऱ्याच्याच हातात राहील, हा धडा त्यांना तिथे मिळाला, आणि ते निर्मितीकडे वळले. प्रथम महायुद्धाच्या काळात जर्मनीतील अमेरिकन राजदूताच्या आठवणींवर आधारलेला त्यांचा १९१८ चा चित्रपट उत्तम चालला. त्या पैशांवर लॉस एंजेलिसमधील सनसेट बुलेव्हार्डवर स्टुडिओ उभा राहिला. हॅरी आणि अल्बर्ट न्यूयॉर्कमध्ये राहून हिशेब आणि वितरण पाहू लागले, सॅम आणि जॅक कॅलिफोर्नियात चित्रीकरण पाहू लागले. ४ एप्रिल १९२३ रोजी कंपनीची रीतसर नोंदणी झाली.

तरीही हॉलिवूडमध्ये त्यांची गणना दुय्यमच होती. मोठ्या कंपन्यांकडे नामांकित नट होते आणि देशभर पसरलेली स्वतःची चित्रपटगृहे होती. वॉर्नरकडे यांपैकी काही फारसे नव्हते. त्या काळात त्यांना सर्वांत खात्रीने पैसा मिळवून देणारा कलाकार म्हणजे रिन टिन टिन नावाचा जर्मन शेफर्ड जातीचा कुत्रा होता. महायुद्धाच्या काळात फ्रान्समधील रणभूमीवर एका अमेरिकन सैनिकाला तो पिल्लू असताना सापडला होता. त्याच्या चित्रपटांनी या स्टुडिओचे पगार भागवले, असे म्हटले तर ती अतिशयोक्ती होणार नाही.

इथून पुढचा भाग मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. १९२५ मध्ये गोल्डमन सॅक्सचे वॉडिल कॅचिंग्ज यांच्या साहाय्याने कंपनीला मोठे भांडवल उभे करता आले. त्यातून व्हिटाग्राफ ही जुनी चित्रपट कंपनी विकत घेतली गेली आणि लॉस एंजेलिसमध्ये स्वतःचे रेडिओ केंद्र सुरू झाले. रेडिओ केंद्राच्या निमित्ताने सॅमचा वेस्टर्न इलेक्ट्रिक कंपनीच्या तंत्रज्ञांशी संबंध आला, आणि बेल प्रयोगशाळेत चित्राबरोबर आवाज चालवण्याचे जे यंत्र तयार झाले होते, ते त्याने पाहिले. यंत्र पाहताक्षणीच त्याचा निश्चय झाला. मोठे स्टुडिओ मात्र या प्रकारापासून दूर राहिले होते, कारण आवाजाचे आधीचे सगळे प्रयोग फसले होते, आणि मूकपटांवर त्यांचे उत्तम चालले होते. ज्यांचे दुकान भरभरून चालले आहे, त्यांनी नवा माल का आणावा?

हॅरीला बोलपटात रस नव्हता. त्याला पटले ते संगीत. मोठ्या शहरातील चित्रपटगृहात चाळीस-पन्नास वादकांचा ताफा पडद्यासमोर बसत असे, परंतु न्यू कॅसलसारख्या गावातील थिएटरला एक पियानोवाला ठेवणेही जड जाई. यंत्रातून उत्तम वाद्यवृंद ऐकवता आला, तर गावातील प्रेक्षकालाही न्यूयॉर्कचे संगीत मिळेल, हा विचार उसन्या खुर्च्यांवर खेळ केलेल्या माणसालाच सुचू शकतो. त्यातून व्हायटाफोन ही पद्धत पुढे आली. ६ ऑगस्ट १९२६ रोजी न्यूयॉर्कला 'डॉन जुआन' हा चित्रपट ध्वनिमुद्रित संगीतासह दाखवला गेला. त्यात संवाद नव्हते, न्यूयॉर्क फिलहार्मोनिकचे वादन होते.

ध्वनिमुद्रणाचे हाल मोठे होते. ब्रुकलिनमधील व्हिटाग्राफच्या जागेत जवळून जाणाऱ्या आगगाड्यांचा आवाज येई. म्हणून मॅनहॅटनमधील एक ऑपेरागृह भाड्याने घेतले, तर तिथे भुयारी रेल्वेसाठी सुरुंग लावले जात होते. कार्बनच्या दिव्यांची फुसफुस मायक्रोफोनमध्ये स्पष्ट ऐकू येई, त्यामुळे चित्रीकरणासाठी ते दिवे बदलावे लागले. हे वाचले तेव्हा आबांच्या केबिनमधील ती फुसफुस माझ्या कानात पुन्हा उमटली. दार बंद असल्यामुळे ती प्रेक्षागृहात कधी पोचत नसे, पण केबिनमध्ये तिच्याशिवाय शांतता अशी नव्हतीच.

व्हायटाफोनमध्ये आवाज फिल्मच्या पट्टीवर नसून वेगळ्या तबकडीवर असे. ही तबकडी सोळा इंच व्यासाची असून मिनिटाला सव्वातेहतीसच्या आसपास, नेमके सांगायचे तर तेहतीस पूर्णांक एक तृतीयांश, फेरे घेत असे, आणि एका तबकडीत सुमारे अकरा मिनिटांचा, म्हणजे हजार फुटांच्या एका रिळाचा आवाज मावत असे. सुई आतून बाहेरच्या दिशेने सरके. तबकडीवर आतल्या बाजूला एक बाण कोरलेला असे. ऑपरेटरने सुई बरोबर त्या बाणावर ठेवायची, फिल्मवरची 'सुरुवात' अशी खूण असलेली चौकट यंत्राच्या खिडकीत बसवायची, आणि मग एकाच मोटरला जोडलेली ही दोन्ही यंत्रे एकदम सुरू करायची. सुई एक रेघ इकडेतिकडे पडली, की माणूस बोलतो आणि त्याचे ओठ नंतर हलतात. वीस-बावीस वेळा वाजवल्यावर तबकडी झिजे आणि टाकून द्यावी लागे.

ज्याने केबिनमध्ये वेळ घालवला आहे, त्याच्या मनात लगेच प्रश्न येईल की पट्टी तुटली तर काय. आमच्या टॉकीजमध्ये एकदा एका जुन्या प्रतीची पट्टी एकाच खेळात चार ठिकाणी तुटली होती. प्रत्येक जोडात दोन-तीन चौकटी कापल्या गेल्या, चित्र किंचित उडाले, आवाजही किंचित उडाला, आणि दोन्ही पुन्हा बरोबरीने चालू लागले, कारण आवाज त्याच पट्टीवर होता. व्हायटाफोनच्या ऑपरेटरला ही सवलत नव्हती. दहा चौकटी कापल्या, तर त्या जागी दहा काळ्या चौकटी मोजून जोडल्याशिवाय पुढचे सबंध रीळ बेताल होत असे. तबकडीला तुटलेल्या पट्टीची खबर नसते.

आता ६ ऑक्टोबर १९२७ ची संध्याकाळ डोळ्यांसमोर आणावी. न्यूयॉर्कमधील वॉर्नर थिएटरमध्ये अल जोल्सन या लोकप्रिय गायकाला घेऊन केलेला 'द जॅझ सिंगर' हा चित्रपट प्रथमच दाखवला जात होता. बराचसा चित्रपट मूकच होता आणि संवाद पाट्यांवर येत होते. परंतु गाणी ध्वनिमुद्रित होती आणि गाण्यांच्या आगेमागे जोल्सन चित्रीकरणाच्या वेळी आपणहून जे बोलला, तेही तबकडीत राहू दिले होते. सगळे मिळून जेमतेम दोन मिनिटांचे बोलणे. प्रत्येक गाण्याचे रीळ आणि तबकडी वेगळी असल्यामुळे दीड तासांच्या या चित्रपटासाठी पंधरा रिळे आणि पंधरा तबकड्या होत्या. मी हा आकडा वाचला आणि पुस्तक मिटून बराच वेळ बसून राहिलो. पंधरा वेळा सुई बाणावर, पंधरा वेळा चौकट खिडकीत, आणि खाली न्यूयॉर्कमधील निवडक प्रेक्षक. एक चूक झाली असती, तर कंपनीने या यंत्रावर लावलेला सगळा पैसा हशात बुडाला असता. त्या केबिनमध्ये उभ्या असलेल्या ऑपरेटरची मान त्या रात्री किती आखडली असेल, हे मला आबांकडे पाहून ठाऊक आहे. एकही चूक झाली नाही. प्रेक्षक उभे राहून टाळ्या वाजवत राहिले.

चारही भावांपैकी एकही त्या प्रेक्षागृहात नव्हता. सॅम आदल्याच दिवशी, ५ ऑक्टोबरला, लॉस एंजेलिसमध्ये वारला होता. सायनसच्या संसर्गाचा परिणाम मेंदूपर्यंत पोचला आणि शस्त्रक्रियांचा उपयोग झाला नाही. वय अवघे चाळीस. ज्याने घोडा गहाण टाकायला लावून यंत्र आणले, ज्याने थोरल्या भावाची समजूत घालून आवाजाचे यंत्र आणले, आणि महिनोन्महिने ध्वनिमुद्रणावर देखरेख केली, त्याला त्या टाळ्या ऐकू आल्या नाहीत. भाऊ त्याच्या अंत्यविधीसाठी कॅलिफोर्नियात होते.

पुढची भरभराट वेगाने झाली. १९२८ मध्ये सबंध बोलणारा पहिला चित्रपट याच स्टुडिओने काढला. त्याच वर्षी स्टॅन्ली कंपनीची चित्रपटगृहांची साखळी विकत घेतली गेली आणि फर्स्ट नॅशनल या मोठ्या कंपनीवर ताबा मिळाला. तिच्याबरोबर बरबँक येथील प्रशस्त स्टुडिओही आला आणि वॉर्नरचे बिऱ्हाड तिकडे हलले. १९२९ मध्ये पहिल्या ऑस्कर समारंभात 'द जॅझ सिंगर'साठी कंपनीचा विशेष सन्मान झाला. उरलेल्या भावांचे मात्र पुढे पटले नाही. १९५६ मध्ये तिघांनी मिळून आपले भाग विकायचे ठरले असता जॅकने गुपचूप आपला हिस्सा परत मिळवून अध्यक्षपद घेतले, आणि हॅरीने ते अखेरपर्यंत मनाला लावून घेतले. सॅम असता तर असे झाले नसते, असे मला वाटते. दोघांच्या मधला तोच दुवा होता.

कोल्हापूरच्या माणसाला ही कथा वाचताना आपल्या गावाची आठवण न येणे शक्य नाही. खरी कॉर्नरचा कॅमेरा मानस्तंभ मी लहानपणापासून पाहत आलो आहे. आनंदराव आणि बाबूराव पेंटर या नाटकांचे पडदे रंगवणाऱ्या बंधूंनी परदेशी यंत्रे न्याहाळून स्वतः कॅमेरा घडवण्याचा ध्यास घेतला. आनंदराव १९१६ मध्ये गेले, कॅमेरा पुरा झालेला त्यांनी पाहिला नाही. बाबूरावांनी विष्णुपंत दामले यांच्या साथीने तो पूर्ण केला, तानीबाई कागलकर यांनी महाराष्ट्र फिल्म कंपनीला पैशांचे पाठबळ दिले, आणि १९२० मध्ये 'सैरंध्री' पडद्यावर आला. सॅमचा मृत्यू वाचताना मला आनंदराव आठवतात. तिकडे धंदा थिएटरकडून स्टुडिओकडे गेला, इकडे तो कारागिराच्या हातातून, कानशीतून आणि लेथमधून आला. म्हणूनच वॉर्नरपाशी प्रेक्षकांचा पैसा आधी आला आणि आपल्याकडे कारागिरी आधी आली. हेच दामले १९२९ मध्ये शांताराम, फत्तेलाल, धायबर आणि सराफ सीताराम कुलकर्णी यांच्यासह प्रभात फिल्म कंपनीच्या स्थापनेत होते, आणि १९३२ च्या 'अयोध्येचा राजा' या कोल्हापुरात तयार झालेल्या बोलपटाचे ध्वनिमुद्रण त्यांनीच केले. कॅमेरा घडवणाराच आवाजापाशी जाऊन बसला. पुढच्याच वर्षी प्रभात पुण्याला गेली, हे दुःख आमच्या गावात अजून बोलून दाखवले जाते.

तबकडीची पद्धत फार वर्षे टिकली नाही. १९३० नंतर लवकरच खुद्द वॉर्नरनेही ती सोडली आणि आवाज फिल्मच्या कडेला छापला जाऊ लागला. चित्रपट बदलला की आबा जोडातून कापलेले तुकडे मला देत. एका दुपारी त्यांनी असाच एक तुकडा खिडकीच्या उजेडात धरला, चौकटींच्या शेजारून जाणारी नागमोडी पांढरी रेघ नखाने दाखवली आणि म्हणाले, "हा आवाज. चित्राच्या वीस घरं पुढं छापलेला असतोय, कारण यंत्रात दिवा वर आणि आवाजाचं डोकं खाली. म्हणून पट्टी घालताना खालचा फास ढिला सोडायचा नाही." तो तुकडा माझ्याकडे अजून आहे. रंग उडून चित्र तांबूस झाले आहे, रेघ मात्र जशीच्या तशी दिसते.